आठ दिवसांचे भाषण

सलूनच्या दारासमोरच्या कोपऱ्यावर एक टोळके उभे असायचे. वाट अडवायचे, फोन हिसकावायचे. त्यांच्या भीतीने सलूनवाल्याची लेक रोज लांबच्या वाटेने क्लासला जायची. बापाचा जीव तीळतीळ तुटे, पण त्यांच्यासमोर जाऊन बोलायची छाती होईना. शेवटी त्याने फोनवरून लाइव्ह जाऊन गल्ली जागी करायचे ठरवले.

रोज संध्याकाळी मिशी कोरून, आरशाकडे पाठ करून तो फोनसमोर उभा राही आणि घसा फोडून बोले. फक्त कुणाचे नाव घ्यायचे नाही आणि कॅमेरा चुकूनही कोपऱ्याकडे वळवायचा नाही, एवढे डोळ्यांत तेल घालून पाही.

नवव्या दिवशी कोपरा रिकामा! लेक सरळ रस्त्याने घरी आली आणि सलूनवाल्याचे पाय जमिनीला टेकेनात. कात्रीपेक्षा तोंडच जास्त चालू लागले. "शब्दात धार असावी लागते, राव!"

आठवड्याने टोळक्याचा म्होरक्या दाढीला येऊन बसला. वस्तऱ्याखाली गळा त्याचा होता, पण घाम सलूनवाल्याला फुटला. तरी राहवेना म्हणून त्याने विचारलेच, "माझं नेमकं कुठलं वाक्य लागलं रे मनाला?"



"वाक्य कसलं, काका? आठही दिवस लाइव्हमध्ये तुमचा आवाज बंदच होता. मागच्या आरशात आम्ही फोन हिसकावताना दिसत होतो, ते आमच्या आयांनी बघितलं आणि घरोघरी आमचं जेवण बंद झालं!"