हातगोळ्याची कडी

रंगरावांना महायुद्धातल्या लष्करी वस्तू जमवायचा भारी नाद होता. खामगावच्या बाजारात आपला लाडका बिगूल देऊन त्यांनी एका भंगारवाल्याकडून हातगोळा घेतला. “आतून रिकामा हाये,” भंगारवाला म्हणाला होता. चीनच्या आघाडीवरून सुटीवर आलेल्या फौजी मित्राला, अर्जुनरावांना, संग्रह दाखवायला घरी आणलं, तर बायको पदकांसोबत हातगोळाही घासायला बसलेली. कडी उपसून तिनं चिंचेच्या पाण्यात टाकली होती. खटका मुठीत दाबलेला. अर्जुनराव बुडाचं बूच न उघडलेलं पाहून थिजले. “वहिनी, मूठ उघडू नका! जिवंत हाये थो!” “माह्यानं धरवत नाही. तुमी बाहीर पळा,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुले सोडून?” रंगरावांनी तिच्या मुठीवर आपली मूठ आवळली. अर्जुनरावांनी पाण्यात चाचपून कडी काढली, अलगद जागेवर बसवली. “सोडा आता,” ते म्हणाले. पण दोघांचीही बोटं काही उघडेनात.