नुसता आवाज

"तो कूलर बंद कर आधी," इंदू म्हणाली. भार्गवने कूलर बंद केला, आणि चौबे कॉलोनीतल्या त्या लहानशा खोलीत मे महिना एकदम आत शिरला.

खोली वरदची, तिच्या मुलाची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोरांनी भिंतींवर तिच्याच गोधड्या ठोकल्या होत्या, त्या अजून तशाच होत्या. त्यांच्या बँडचा अल्बम इथंच रेकॉर्ड झाला. फेब्रुवारीत वरदची मोटरसायकल रिंग रोडच्या दुभाजकावर आदळली आणि तो जागीच गेला. रस्ता मोकळा होता, समोर कोणी नव्हतं. पोराला डुलकी लागली असेल, असं तिचा नवरा म्हणे. तीही लोकांना तेच सांगे. मग भार्गवने अल्बम ऐकायला पाठवला, आणि तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

सैल सोडलेल्या तारांची गिटार खालच्या सुरात घोंघावत राहायची. कोणी बंद दार आतून बडवावं तसे ड्रम वाजायचे. त्या सगळ्या कल्लोळाच्या तळाशी वरद म्हणत असायचा, 'बत्ती मत जलाना, मैं यहाँ नहीं हूँ.' शेजाऱ्यांच्या लेखी तो धिंगाणा होता. इंदूला मात्र त्यात एकच गोष्ट ऐकू यायची. डुलकी नव्हती ती. पोरगा मुद्दाम गेला, आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

"फक्त त्याचा आवाज लाव. बाकी काही नको मले."

"काकू, ऐसे कोई नहीं सुनता," भार्गव म्हणाला. तो बँडचा गिटारवाला. मराठी सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की हिंदीच यायची. "अधूरा लगेगा."

"लागू दे."

एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड केलेलं होतं. कॉम्प्युटरवर त्याने आधी ड्रम बंद केले, मग गिटारी. उरला वरद. इतका जवळ, की त्याचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. इंदूने खुर्चीचा हात घट्ट धरला. आवाज चढत गेला, फाटला, शेवटी त्याची किंकाळी झाली. आता जे कळायचं ते कळणार, असं वाटून तिने डोळे मिटले.

किंकाळी संपली. मग वरद हसला.

"काय खतरनाक लिहितो बे तू, भार्गव. माझा तर घसाच बसला. चल ना, आईनं वडे तळले, थंडे होऊन राहिले."

हे अल्बममध्ये नव्हतं. तिथं गाणं किंकाळीवरच तोडलं होतं.

इंदू रडली. मनसोक्त रडली, आणि रडता रडता हसलीही. त्या दिवशी परातभर वडे फस्त झाले होते. मरायला निघालेला पोरगा असा वड्यांसाठी घाई करत नाही. कितीतरी दिवसांनी तिला पुरता श्वास घेता आला. तिने पदराने तोंड पुसलं, आणि मग तिचा हात तसाच थांबला.

"हे तू लिहिलं?"

"हाँ, काकू."

"सगळी गाणी?"

"सारे मेरे हैं. वो तो बस गाता था."

इतका वेळ ती कॉम्प्युटरकडे बघत होती. आता तिने भार्गवकडे पाहिलं. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं.

"कधीपासून असं वाटून राहिलं तुले?"

"कुछ नहीं, काकू. गाने हैं बस." त्याने घाईघाईने वायरी गुंडाळायला घेतल्या. "चलता हूँ मैं."

त्याच्या गाडीची किल्ली टेबलावर होती. त्याच्याआधी इंदूने ती उचलली, पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दातांनी घट्ट ओढली.

"तुझ्या आईले फोन लाव," ती म्हणाली. "मले बोलाचं आहे तिच्याशी."