मंडईचा पाहुणा

आचलनं पुन्हा चहाचं आधण ठेवलं, तेव्हा तिला नीट उभंही राहवत नव्हतं. सकाळपासून शेगडी विझलीच नव्हती. लग्नानंतरची ही पहिलीच मंडई. दिवाळी सरली की कुडव्यात मंडई भरते आणि जत्रा बघायला आलेले पाहुणे घरोघरी उतरतात, हे तिला ठाऊक होतं. पण आपल्या दोन खोल्यांत सोळा माणसं मावतील, असं वाटलं नव्हतं. मावली. मामा, मावशी, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, लेकरं. सगळी हिमांशूची.

तिच्या माहेरचं कोणी नव्हतं. कोर्टात लग्न केलं त्या दिवसापासून तिच्या बाबांनी तिचं नाव टाकलं होतं. आहेर नाही की आंदण नाही. दिवाण, कपाट, खिडक्यांचे पडदे, सगळं दोघांनी गोंदियाच्या बाजारातून एकेक करून आणलं. हिमांशू मोबाइलच्या दुकानात कामाला होता. दर पगाराला एक वस्तू घरात यायची. मंडईसाठी म्हणून आचलनं दिवाणावर मोराची कोरी चादर घातली होती. त्या चादरीवर परवापासून एक म्हातारा पाय पसरून पडला होता.

काळासावळा, उंच, हातात कापडी पिशवी. परवा दुपारी तो दारात येऊन "राम राम" म्हणाला आणि हिमांशू धावतच पुढे गेला. पाय धुवायला पाणी त्यानं स्वतः दिलं. सख्ख्या मामाला उठवून म्हाताऱ्याला दिवाणावर बसवलं. जेवताना आपल्या ताटातलं मटण त्याच्या ताटात घातलं. काल मोटरसायकलवर बसवून मंडईही दाखवून आणली. एरवी आचलशी कामापुरतं बोलणाऱ्या सासूबाई, पण म्हाताऱ्याला वाढायला त्याही उठल्या.

असेल ह्यांच्यातलं कोणी मोठं माणूस, आचलनं धरून चाललं. नव्या सुनेनं सासरच्या म्हाताऱ्याला तुम्ही कोण, म्हणून कसं विचारायचं? पण आतून ती कढत होती. दोन दिवसांत हिमांशूनं तिला जेवलीस का, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. त्याची माणसं आली, त्याचा ऊर भरला. आपल्या बायकोकडचं कोणीच आलं नाही, हे त्याच्या गावीही नसेल.

दुपार कलली तशी माणसं पांगली. सासूबाई आतल्या खोलीत अंथरुणांच्या घड्या घालत बसल्या. म्हातारा उठला, दारात जाऊन चपला घालू लागला. आचल खरकटी पातेली गोळा करत होती. तिच्या कमरेत कळ आली आणि तिला राहवलं नाही.

"तुमच्या ह्या पाहुण्यायले स्टँडवर सोडून द्या," ती दिवाणाशी उभ्या असलेल्या हिमांशूला म्हणाली. "अन् एक सांगा, कोन लागतात हे तुमचे? दोन दिवस तुमाले दुसरं कोनी दिसलंच नाही."

हिमांशू तिच्याकडे वळला.

"माहे कायले? तुह्या घरचे आहेत ना ते?"

"माह्या?"

"मी त..." त्याचा आवाज खाली आला. "एवढ्या मानसाईत तुह्या घरचं एकच मानूस आलं. म्हनलं, त्याले काही कमी नको पडाले."

आचलच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. मग दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं.

म्हाताऱ्यानं मान खाली घातली होती.

"मी यादोराव. तिकडं दरेकशाचा," तो म्हणाला. "माही बहीन राहे इथं, मांगच्या गल्लीत. ती गेली. पन मंडई आली का पाय इकडंच वळतात. नवं जोडपं पायतो अन् त्याईच्या घरी जातो. तिथं कोनी पुसत नाही. बायकोले वाटते नवऱ्याचा, नवऱ्याले वाटते बायकोचा." त्यानं पिशवी छातीशी धरली. "चुकलं बापा माहं. जातो."

म्हाताऱ्यानं उंबरठ्याबाहेर एक पाय टाकलाही.

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "आचल, तुह्या घरचे चालले का वं?"

आचलनं पातेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. पुढे होऊन ती म्हाताऱ्याच्या पाया पडली आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो आई, माहे मोठेबाबा चालले. पुढच्या मंडईले येतो म्हनून राहिले."