बरोबर

“खायचा सोडा की बेकिंग पावडर?” वैशालीने दोन्ही डब्या जयप्रकाशसमोर धरल्या.

“बरोबर,” तो म्हणाला.

“अहो, दोन्ही कसं बरोबर असेल?”

“बरोबर.” या वेळी त्याने डाव्या हाताने सोड्याची डबी टेबलावरून लांब सारली. वैशालीने सुस्कारा टाकला आणि पावडरचं झाकण उघडलं.

लेकीचा, क्षिप्राचा, आज वाढदिवस. दरवर्षी तिचा केक जयप्रकाशच करायचा. लोणी आणि पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेटायची, मग एकेक अंडं, मग मैदा, शेवटी किसलेली संत्र्याची साल. किती घ्यायचं ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. वैशालीने कधी विचारलं नाही. एवढं एक काम तरी आपल्या वाट्याला नाही, म्हणून ती खुशीत असायची. गणपतीच्या आधी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजायचं सगळं, पण बोलायला गेला की तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा. होकाराला तोच, नकाराला तोच. मान हलवायला सांगितली तर तीही कधी उभी हलायची, कधी आडवी. तिचाही भरवसा नव्हता.

आणि शब्द तरी कुठला उरावा! कोपरखैरण्याच्या त्याच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी प्रश्न. “सांगा बघू, जगात पहिले गॉगल कसले होते?” गिऱ्हाईक काचेचे म्हणायचं. मग हा रंगात येऊन सांगायचा, की बर्फातली माणसं हाडाच्या पट्टीला बारीक चीर पाडून ती डोळ्यांवर बांधायची. एव्हिएटर गॉगल मागणाऱ्या पोराला कळायचं की हा आकार वैमानिकांसाठी निघाला, वर आकाशात उन्हाने डोळे दिपायचे म्हणून. मांजरीच्या डोळ्यांसारखी तिरपी कॅट-आय फ्रेम घालून आरशात बघणाऱ्या आजीबाईंना तो त्यांच्या तरुणपणाच्या फॅशनमध्ये नेऊन आणायचा. कोणाचं उत्तर जमलं की काउंटरवर थाप मारून ओरडायचा, “बरोबर!”

ओळखीच्या वस्तू समोर ठेवा, असं स्पीच थेरपिस्टने सांगितलं होतं, म्हणून दुकानातले थोडे गॉगल आता जेवणाच्या टेबलावर असायचे. त्यांच्यातच मैद्याचं भांडं ठेवून वैशाली मिश्रण ढवळत होती. केकचं भांडं ओव्हनमध्ये गेलं तेव्हा जयप्रकाशच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जरा समाधान दिसलं.

अर्ध्या तासाने बेल वाजली. नंदकिशोर, त्याचा धाकटा भाऊ. पावणे एमआयडीसीतल्या कंपनीतून थेट आला होता. शर्टाला मशीनच्या तेलाचा वास होता. पाणी पिऊन झाल्यावर तो खुर्ची ओढून भावाच्या समोर बसला.

“दादा, दुकानासाठी पार्टी आलीये. सलूनवाला आहे, माणूस बरा आहे. फर्निचर, माल, सगळं तोच उचलतोय. उद्या हो-नाही कळवायचंय. देऊन टाकू ना?”

जयप्रकाशचे डोळे मोठे झाले.

“बरोबर,” तो म्हणाला.

नंदकिशोरने खांदे सैल सोडले. “बघा वहिनी. मला वाटलं होतं, दादा चिडेल.”

“भावोजी, ते नाही म्हणतायत.”

“अहो, तुमच्यासमोर म्हणाला ना!”

“बरोबर! बरोबर!” जयप्रकाश डावा हात टेबलावर आपटायला लागला. एक एव्हिएटर घसरून फरशीवर पडला. “बरोबर! बरोबर!” मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. सोड्याची डबी हाताने लांब सारता येत होती. दुकान कसं सारणार?

वैशालीने त्याचा हात धरला.

“वहिनी, मी काय वैरी आहे का त्याचा?” नंदकिशोरचा आवाज चिरकला. “ड्यूटी करून संध्याकाळी शटर उघडतो. मला नंबर काढता येत नाही, फ्रेम बसवता येत नाही. लोक येतात, दादा कसाय विचारतात आणि दुसरीकडे जाऊन चष्मा करतात. किती दिवस हे रेटायचं? तुम्ही बसाल का दुकानात?”

नवऱ्याला अंघोळ घालण्यात, भरवण्यात वैशालीचा दिवस संपत होता. नंदकिशोरचं चुकत नव्हतं, हेच तर अवघड होतं.

नंदकिशोरने खुर्ची आणखी पुढे ओढली. भावाच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, “दादा, नको म्हण. एकदाच नको म्हण. देवाशप्पथ, त्या सलूनवाल्याला आत्ता फोन लावतो. बाकीचं बघू काय होईल ते.”

स्वयंपाकघरातून केकचा वास यायला लागला होता. आधी संत्र्याचा, मग जरा करपल्यासारखा. वैशालीला कळलं, पण उठवेना.

जयप्रकाशने डोळे मिटले. कपाळावर घाम आला. ओठ उघडले, जीभ वरच्या दातांमागे टेकली आणि तिथेच अडली. गळ्यातून नुसती हवा आली. त्याने पुन्हा जीभ टेकवली. पुन्हा.

वैशालीने समोर पाहिलं. नंदकिशोर भावाच्या तोंडाकडे एकटक बघत होता आणि त्याचेही ओठ हलत होते. जीभ दातांमागे टेकवून तोही ढकलत होता तो शब्द, भावाच्या बरोबरीने, काही आवाज न करता.