चांगुणाबाईंचा जामीन

"एक रान बाहेर काढलं तर बाकीच्यांचं प्रमाणपत्र राहतं," ऐश्वर्या म्हणाली. "नाहीतर सगळ्यांचंच जाईल. कुणाचं रान, ते गटानं आजच सांगायचं."

गोदामासमोर बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग, ठरल्यासारखं, प्रभूकडे.

ऐश्वर्या सेंद्रिय कापसाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची तपासनीस. कनेरगाव नाक्याजवळच्या या गावातल्या शेतकरी गटाचा कापूस एकाच ढिगात, सरकी काढायला जिनिंगला जायचा, तिथून सूतगिरणीत आणि पुढं परदेशात विकल्या जाणाऱ्या जीन्समध्ये. यंदा त्या ढिगाच्या नमुन्यात कीटकनाशक सापडलं होतं. ढीग एक, रानं अनेक. विष कुणाच्या बोंडातलं, हे कापूस थोडाच सांगणार!

प्रभूवर संशय यायला फार काही लागलं नाही. तो गटात सगळ्यात नवा, आणि त्याच्या सासऱ्याचं हिंगोलीत औषध-बियाण्यांचं दुकान. गावाला एवढं पुष्कळ झालं.

"म्या पंपाला हात लावला न्हाई," प्रभू पुन्हा म्हणाला. तो चांगुणाबाईंकडं वळला. "काकी, तुमी तरी सांगा ह्यांना."

चांगुणाबाई गटाच्या प्रमुख. हा गट त्यांनीच दारोदार फिरून उभा केला होता. निंबोळीचा अर्क कसा काढायचा ते बायकांना शिकवलं, गड्यांशी भांडून फवारणीचे पंप माळ्यावर टाकायला लावले. यंदा गुलाबी बोंडअळीनं सगळ्यांचा कापूस खाल्ला, पण बाईंचा तेवढा वाचला. जीन्सच्या कंपनीचे पाहुणे आले की त्यांना बाईंच्याच रानात नेत, फोटो काढत. बाईच्या हातालाच गुण आहे, असं लोक म्हणायचे, आणि तोच अर्क आपल्या हातून का लागू पडत नाही म्हणून हळहळायचे.

नमुन्याची बातमी आल्यापासून बाईंना घास गिळवत नव्हता. पोटच्या लेकरासारखा गट वाढवलेला. जिवाला लागणारच.

"प्रभूनं फवारलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"काहून म्हणता?" गटातल्या शिवहारनं विचारलं. "तुमी काय त्याच्या रानात राखण करून राहिल्या होत्या?"

"न्हाई. पण मला ठावं हाय."

"ठावं असून भागतंय व्हय, बाई? साऱ्या गटाची माती होऊन राहिली. लिहा मॅडम, प्रभूचं नाव लिहा."

शिवहार काही वाईट माणूस नव्हता. नुसता घाबरला होता. बाकीचेही घाबरले होते, म्हणून त्यांनी माना हलवल्या. प्रभूनं डोक्यावरचा रुमाल काढून तोंडाला लावला. एकदा नाव गेलं की गावात राहणं मुश्कील, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

चांगुणाबाई उठल्या. एका कडेला काठीवर हनुवटी टेकून म्हातारा मेंढपाळ मुंजाजी बसला होता. वेचणी संपली की कापसाच्या रानात मेंढरं सोडायची इथली रीत. मेंढरांना पाला मिळतो, रानाला खत. पण मागं एकदा दुसऱ्या गावात, औषध मारलेल्या रानात मुंजाजीची मेंढरं तोंडाला फेस येऊन पडली होती. तेव्हापासून चांगुणाबाईंनी सांगितल्याशिवाय तो कुणाच्या बांधाला कळप लावत नसे.

"मुंजाजी, मेंढरं प्रभूच्या रानात सोड."

सगळ्यांच्या माना मुंजाजीकडं वळल्या.

"आक्का," मुंजाजी चाचरत म्हणाला, "हे म्हणून राहिले ते खरं असंल तर?"

"एक कोकरू जरी पडलं तरी माझ्या दावणीची म्हैस सोडून ने. माझा जामीन."

"म्हशीचं नाव काहून काढता? तुमी म्हणता, एवढं पुरे." आणि म्हातारा काठी टेकत उठलाही.

"अहवालात मेंढ्या लिहिता येत नाहीत हो काकू," ऐश्वर्या म्हणाली. पण तीही सगळ्यांच्या मागोमाग निघाली.

कळप प्रभूच्या रानात शिरला. माणसं बांधावर बसून राहिली. कुणी तंबाखू मळली, कुणी उगाच ढेकळं फोडली. एखादं मेंढरू शिंकलं तरी प्रभू दचकायचा. चांगुणाबाई तेवढ्या शांत होत्या. एवढा विश्वास सख्ख्या आईचाही नसतो, असं एकजण हळूच म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं.

दुपार कलली. मेंढरांनी पाला ओरबाडून खाल्ला, रवंथ केला, कोकरांनी उड्या मारल्या. काही म्हणता काही झालं नाही.

"चुकलं गड्या," शिवहार प्रभूचा हात धरून म्हणाला. त्याला खरंच लाज वाटली होती.

प्रभू चांगुणाबाईंच्या पायांवर वाकला, तशा त्या झटकन मागं सरल्या.

"माझ्या पाया पडू नको रे लेकरा."

त्याचं मात्र रडू थांबेना. बायकाही डोळे पुसू लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यांना मोकळं वाटत होतं. आजचा दिवस तरी निभावला होता.

"प्रभू नाही, तर मग कोण?" ऐश्वर्यानं विचारलं.

आता दुसरं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती.

तोवर कळपाचा पुढचा मेंढा शेजारच्या हिरव्यागार रानाकडं वळला होता. मुंजाजीनं त्याला अडवलं नाही. उलट जिभेनं आवाज काढून बाकीच्यांनाही त्याच्या मागं लावलं.

"अरे, मालकिणीला इचार तरी!" शिवहार हसत ओरडला.

"आक्काच्या रानाला काय इचारायचं?" मुंजाजी म्हणाला.

चांगुणाबाई धावल्या. ठेचकाळून पडल्या, पुन्हा उठल्या आणि दोन्ही हात पसरून कळपाला आडव्या झाल्या.

"माघारी फिरव, मुंजाजी! ह्या रानातलं एक पान त्यांच्या तोंडात जाऊ देऊ नको!"