दोन शेट्ये, एक नोंद

“विजयाताई, आपल्या गरोदरपणाच्या गोळ्या तयार आहेत,” औषधाची खिडकी तिसऱ्यांदा म्हणाली.

रांग हसली. सत्तरीच्या विद्याधर शेट्येंनी अंगठा पुन्हा टेकवला. त्यांना हृदयाची गोळी हवी होती. घरातली काल संपली होती. पण ज्याच्या नोंदीत जे औषध असेल, त्याचाच खण उघडायचा. माणसाने हाताने औषध देणं केव्हाच बंद झालं होतं.

ते नोंदणीच्या टेबलाशी गेले. तिथे कुंदा मांजरेकर बसली होती.

“अगं, माझी नोंद कुठल्या बाईच्या नोंदीत घातलीस?”

“वि. शेट्ये, खालची आळी. दोन नोंदी दिसल्या, एक केल्या. औषधाचं दुकान तुमचं होतं तेव्हा तुम्ही असंच करायचात ना, काका? फोन करून कोण विचारत बसणार!”

शेट्येंचा चेहरा उतरला. कुंदाचा नवरा रघुवीर आणि शेजारची रत्ना, दोन्ही र. मांजरेकर. शेट्येंनी त्या नोंदी एक केल्या, तेव्हा रघुवीरला पेनिसिलिन चालत नाही ही ओळ पुसली गेली होती.

“ती मशीनची चूक होती,” ते पुटपुटले.

“मग हीसुद्धा मशीनचीच समजा.”

“कुंदा, मला ती गोळी रोज लागते गं.”

तिने कोरा अर्ज पुढे सरकवला.

“भरा. नोंद वेगळी व्हायला तीन दिवस लागतात. पेनिसिलिननंतर आमच्या यांना अर्धा तासही मिळाला नव्हता.”

मग ती रांगेतल्या पुढच्या बाईकडे वळली. “या, मावशी. नाव सांगा. पूर्ण सांगा.”