वाटीभर पेट्रोल

कोयलीच्या रिफायनरीतला मुलगा पद्माला बघायला आईला मागे बसवून मोटारसायकलवरून बडोद्यातल्या पाणीगेटला आला, तोच पेट्रोलचा वास घेऊन. पोहे खाताना तिच्या मेकॅनिक वडिलांसमोर म्हणाला, "मिस्त्री लोक लुबाडतात. माझ्या गाडीला हात लावू देत नाही. कार्ब्युरेटर स्वतः धुतो, दर रविवारी." वडिलांनी काळी नखं मुठीत लपवली. पद्माच्या मस्तकात तिडीक गेली. दर रविवारी धुवावं लागतं म्हणजे दुखणं दुसरंच, एवढंही या दीडशहाण्याला कळेना. चहा टाकून तिने गाडीखाली वाटी ठेवली आणि चहासोबत तीच त्याच्यापुढे सरकवली. "तुमचं पेट्रोल. कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई झिजलीय, बदलायला हवी. रोज धुतलंत तरी गळणारच." मुलाची आई ताडकन उठली. बाहेर बारा किका मारूनही गाडी सुरू होईना. सवयीने वडिलांचा हात पान्याकडे गेला. "बसा बाबा," पद्मा म्हणाली, "ते मिस्त्रींना हात लावू देत नाहीत."